म्हातारा घरात नको

नळवाल्याने अवजारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि अर्धवट कापलेला पाइप भिंतीतून तसाच लोंबकळत सोडून तो दारापर्यंत आला. थोरली दारातच उभी होती. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मागे स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "बाई, तुमचा त्रास काही नाही. पण तुमच्या वडिलांसमोर काम करण्यापेक्षा मी घरी बसेन."

"झालं काय पण?"

"त्यांनाच विचारा. माझ्या आईबापांनी मला कशाला जन्माला घातलं, असं ते मला सकाळपासून विचारतायत."

तो गेला. थोरली आत आली. स्वयंपाकघराच्या मधोमध, रंगाचा रिकामा डबा उपडा घालून, त्यावर तिचे वडील बसले होते. दोन गुडघ्यांमध्ये काठी, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. चाळीसएक वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, आणि आई होती तोवर तीही मिस्त्रीच म्हणायची.

"गेला का?"

"गेला."

"बरं झालं. चिकटवायच्या आधी पाइप पुसत नव्हता. दोन वर्षांत गळलं असतं."

"दोन वर्षांत हे घर आपलं नसणार, बाबा."

"म्हणून गळू द्यायचं?"

बोलण्यात कुणी वरचढ ठरलं की तिचा राग दुप्पट व्हायचा. हा गुण तिने थेट त्यांच्याकडूनच उचलला होता.

थोरलीची नोकरी सुटली होती, म्हणजे ती कंपनीच्या ज्या शाखेत होती ती शाखाच बंद झाली होती. हातात आलेले पैसे आणि वर कर्ज, असं मिळून तिने हे घर घेतलं. ओळीतलं शेवटचं, बुटकं, ओलीने फुगलेल्या भिंतींचं. नीट करायचं आणि विकायचं, एवढाच बेत होता. नवऱ्याने कर्जाच्या कागदावर सही केली होती, पण त्यानंतर त्या घराचं नाव निघालं की तो वर्तमानपत्र उघडून त्यात डोकं घालायचा.

पहिल्यांदा तिने एका मोठ्या ठेकेदाराला बोलावलं. तो घरभर फिरला, भिंतींना टिचक्या मारल्या आणि असा आकडा सांगितला की थोरलीला वाटलं, ह्यालाच घर देऊन टाकावं आणि आपण मोकळं व्हावं. मग तिने ठरवलं, ठेकेदार नकोच. गवंडी वेगळा, नळवाला वेगळा, वायरमन वेगळा, रंगारी वेगळा. प्रत्येकाला आपण शोधायचं, प्रत्येकाशी आपण बोलायचं, सामान आपण आणायचं आणि त्यांनी फक्त मजुरी घ्यायची.

हे बोलायला सोपं होतं. स्वस्तात मिळणारे लोक कामाचे नव्हते आणि कामाच्या लोकांना वेळ नव्हता. पण थोरली चिवट होती. रस्त्याने जाताना कुठे वाळूचा ढीग दिसला की ती थांबायची. चहाच्या सुट्टीत कामावरच्या लोकांपाशी जाऊन उभी राहायची आणि विचारायची, तुमच्यात नुकतंच मालकाला सोडून स्वतःचं सुरू केलेलं कोण आहे? अशा माणसाला कामाची गरज असते, तो दर नीट लावतो. कुणाचं मोठं काम सामान न आल्यामुळे अडलंय, कुणाला दोन कामांच्या मध्ये आठवडा रिकामा आहे, हे तिला हळूहळू वासाने कळायला लागलं. फोन करून करून तिचा कान लाल व्हायचा.

आणि मिस्त्री? मिस्त्रींना तिने स्वतःच या कामात ओढलं होतं. "शहरातला एकूण एक कारागीर मला ओळखतो," ते म्हणाले होते. ते खरंच होतं आणि तीच पंचाईत होती. त्यांच्या ओळखीतले निम्मे लोक वारले होते आणि उरलेले निम्मे त्यांच्याशी बोलत नव्हते. गिलावा करणाऱ्या एकाने तर थोरलीचा आवाज ऐकून दर सांगितला, दिवस ठरवला, आणि "म्हणजे तुम्ही मिस्त्रींच्या कोण?" असं विचारून फोन ठेवून दिला.

तिने शोधून आणायचं आणि यांनी पळवून लावायचं, असं सुरू झालं. दुसरा एक गिलावावाला भिंत न भिजवता माल मारत होता, हे खरं. वायरमनने वायरी आडव्यातिडव्या ओढल्या होत्या, तेही खरं. पण रंगाऱ्याने काय केलं होतं? तो काम करताना गुणगुणत होता. "गाणाऱ्याचा हात सैल असतो," मिस्त्री म्हणाले, आणि त्याच्या शिडीखाली उभं राहून दिवसभर त्याला तेच ऐकवलं. संध्याकाळी रंगारी ब्रश धुवून निघून गेला तो गेलाच.

फरशीवाली तिला गोदामात सापडली. धिप्पाड बाई, केस डोक्यावर घट्ट बांधलेले, पँटच्या गुडघ्यांना रबराच्या गाद्या. ती दोन फरश्या तोंडाला तोंड लावून गोदामवाल्याच्या नाकासमोर धरून उभी होती. दोन्हींच्या मधून उजेड दिसत होता. "ही फरशी आहे की केळीचं पान?" ती विचारत होती. "अख्खी पेटी वाकडी आहे. बदलून दे."

हीच, थोरलीने मनात म्हटलं. गोदामवाल्याकडून तिने नंबर घेतला आणि त्याच संध्याकाळी फोन लावला. फोन एका पुरुषाने उचलला. थोरलीने त्याला बाथरूमचं माप सांगितलं, स्वयंपाकघराचं सांगितलं, दर विचारला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दर ती सांगेल. मी नवरा. मी माल कालवतो."

फरशीवालीने दर सांगितला तो थोरलीच्या हिशेबात चपखल बसला. पुढचं मोठं काम लांबलं होतं, तेवढ्या रिकाम्या दिवसांत ती हे करणार होती. फक्त मजुरी, आणि जेवायच्या सुट्टीत कुणी हाक मारायची नाही. बस.

पहिल्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग तिच्या नवऱ्याकडे वळले.

"काय रे, उतार कुठल्या बाजूला काढतोयस?"

नवरा घमेल्यात सिमेंट कालवत होता. "मला काय विचारता? तिला विचारा."

"पाणी जायची जाळी मध्ये घेणार की कोपऱ्यात?"

"तिला विचारा."

"तुला तोंड नाही का?"

"आहे ना," नवरा म्हणाला, "पण फरशीतलं मला कळत नाही."

फरशीवाली तिकडे लक्ष न देता पाणसळीने सपाटी बघत, दोरी धरून रेषा आखत होती. मिस्त्रींनी दोन दिवसांत तिच्याशी एक अक्षर काढलं नाही. जे बोलायचं ते तिच्या नवऱ्याला, भिंतीला किंवा छताला उद्देशून. "पाणसळ उलटी धरल्यावर काय होणार." "जुने लोक गेले म्हणा आता." तिने मान वर केली नाही. थोरलीला वाटलं, चला, ही टिकणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी फरशीवाली आणि तिचा नवरा मागच्या पायरीवर डबा खायला बसले. थोरली फरश्यांमधले सांधे भरायची पावडर आणायला दुकानात गेली होती. ती परत आली तेव्हा फरशीवाली बाथरूमच्या दारात उभी होती, अगदी स्थिर. थोरलीने तिच्या खांद्यावरून आत बघितलं.

सकाळी बसवलेल्या, अजून ओल्या असलेल्या फरश्यांच्या दोन ओळी उचकटून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. खालच्या मालावर काठीचे ओरखडे होते. मिस्त्री जमिनीवर बसून थापीने उरलेला माल खरवडत होते. थापी तिची होती.

"उतार चुकला होता," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

फरशीवालीने त्यांच्या हातातून थापी घेतली. ओढली नाही, नुसती घेतली. घमेल्यात धुतली, पुसली, पिशवीत ठेवली. मग रबरी हातोडा, मग दोरी, मग पाणसळ. नवऱ्याने काही न विचारता कालवलेला माल अंगणात नेऊन ओतला. जाताना ती थोरलीला एवढंच म्हणाली, "सकाळपर्यंतची मजुरी पाठवा."

त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळल्याचा आवाज आला आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उठा," ती म्हणाली.

"तू त्या बाईचं काम नीट बघितलंस का?"

"उठा म्हणते ना! ही बाई शोधायला मी किती उन्हातान्हात हिंडले, माहितीये तुम्हाला? कुणाकुणाच्या दारात जाऊन उभी राहिले! तुम्हाला काय, डब्यावर बसायचं आणि तोंडसुख घ्यायचं!"

"बाईच्या हातची फरशी बसत नाही. हे मी आजचं बोलत नाही."

"हो, ठाऊक आहे. फार जुनं आहे ते. मी शाळेत होते तेव्हा तुमची थापी हातात घेतली होती, तर तुम्ही हातावर फटका मारला होतात. आणि धाकट्याला कामावर घेऊन गेलात. कुठे आहे धाकटा? कोट घालून गाड्या विकतोय. वर्षातून एकदा फोन करतो, तोही आवाज नीट येत नाही म्हणून ठेवून देतो. मला शिकवलं असतंत, तर आज मला दारोदार हिंडावं लागलं नसतं. हे सगळं घर मी माझ्या हाताने केलं असतं!"

मिस्त्री भिंतीचा आधार घेत उठले. गुडघे कुरकुरले. "तुझ्या आईचे हात बघितले होतेस ना?" ते म्हणाले. "सिमेंटनं खाल्लेले. रात्री पाण्यात घातले तरी ओरडायची. तुझे तसे नको व्हायला, म्हणून मारलं."

आईचे हात थोरलीला चांगले आठवत होते. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आई मिस्त्रींच्या हाताखाली माल कालवत होती, वाहत होती, सांधे भरत होती. वेणी घालताना तिची बोटं केसांत अडकायची, इतकी खरखरीत होती.

"मग आईला का नाही थांबवलंत?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी भिंतीला टेकवलेली काठी हातात घेतली.

"सांगा ना. मुलीचे हात खराब होतील म्हणून तिला फटका. आणि बायकोचे? ते फुकटात मिळाले होते, म्हणून?"

"जीभ आवर."

"आवरत नाही! किल्ली द्या."

तिने हात पुढे केला. त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली, तिच्या हातात न देता खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि काठी टेकत बाहेर पडले.

संध्याकाळी थोरली फरशीवालीच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. फरशीवालीने दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही.

"मी माफी मागायला आले."

"तुमच्या माफीचं मी काय करू? सांध्यात भरू?"

"मग काय करू, सांगा."

"दर वाढेल. उचकटलेल्या फरश्यांच्या जागी नव्या तुम्ही आणायच्या. आणि म्हातारा घरात नको. उंबऱ्यावरसुद्धा नको."

"ते आजच बंद केलंय. दराचं तेवढं..."

"दराचं तेवढं काही नाही. स्वस्तात केलं म्हणून उचकटलं. महागातली फरशी कुणी उचकटत नाही." ती चौकटीला टेकली. "आणि यापुढे फोन करायचा तो मला. त्या दिवशी तुम्हीसुद्धा सगळं माप माझ्या नवऱ्यालाच सांगत बसला होतात."

थोरलीला ते झोंबलं. तिला वाटलं, ह्या बाईलाही सरळ नको म्हणून सांगावं आणि त्या घराला कुलूप लावून टाकावं. पण ती "बरं," म्हणाली. जिना उतरताना तिने कठड्यावर मूठ आपटली, आणि मग मूठ दुखली म्हणून आणखी चिडली.

काम पुन्हा सुरू झालं आणि मिस्त्रींविना सरळ पुढे गेलं. हातापाया पडून तिने रंगाऱ्याला परत आणलं. तो गात गात दोन्ही खोल्या उरकून गेला. नवा नळवाला आला. राहत्या घरी मिस्त्री आणि ती एका टेबलावर जेवत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. नवऱ्याचं वर्तमानपत्र आता जेवतानाही उघडं असायचं.

मिस्त्री दिवसभर कुठे जातात, हे तिने विचारलं नाही. ते तिला ज्या दिवशी एक जोडपं घर बघायला आलं त्या दिवशी कळलं. दोघं शिक्षक होते. त्यांनी खोल्या बघितल्या, खिडक्या उघडून बघितल्या, खूश दिसले. मग बाईंनी जरा चाचरत विचारलं, "बाथरूमला उतारच नाही, असं ऐकलं. खरं आहे का?"

"कुणाकडून ऐकलं?"

"कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे ना. तिथे एक आजोबा बसलेले असतात. ते सांगत होते की इथे कुणी तरी बाईने फरशी बसवलीय आणि सगळं पाणी दाराकडे येणार."

"पाच मिनिटं थांबाल का?" थोरली म्हणाली. तिचा आवाज इतका गोड होता की फरशीवाली, जी स्वयंपाकघरात शेवटचा हात फिरवत होती, ती कामावरून उठून उभी राहिली.

दुकानासमोरच्या बाकावर मिस्त्री बसले होते आणि दोन गिऱ्हाइकांना सिमेंट कसं ओळखावं ते सांगत होते. थोरली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चला."

"कुठे?"

"घराला उतार नाही ना? चला, दाखवा. पोटच्या पोरीचं घर खपू नये म्हणून रस्त्यावर बसून बोंबा मारता, तर आत येऊन मारा!"

दुकानदार खिळे मोजायचा थांबला. मिस्त्रींच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "मी खोटं बोलत नाही," ते म्हणाले आणि उठले.

उंबऱ्यापाशी ते थबकले. दारात फरशीवाली उभी होती. तिने थोरलीकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे, आणि बाजूला झाली. "येऊ द्या," ती म्हणाली. "आज मी बोलावते."

तिच्या नवऱ्याने बादली भरून आणली. मिस्त्रींनी ती स्वतःच्या हाताने उचलली, कुणाला धरू दिली नाही, आणि बाथरूमच्या दारापाशी सगळं पाणी एकदम ओतलं. पाणी पसरलं, क्षणभर डगमगलं आणि झपाट्याने जाळीकडे धावलं. जाळीने घुटके घेत ते गिळलं. जमीन चमकायला लागली. दाराकडे थेंबही आला नाही.

मग मिस्त्री वाकले आणि काठीचं टोक भिंतीलगत टेकवलं. "हे?"

तिथे तळहाताएवढं पाणी थांबलं होतं. त्यांनी उचकटलेल्या दोन ओळी जिथे होत्या, नेमकं तिथेच.

थोरलीला रडू की ओरडू असं झालं. "बाबा, ती जागा तुम्हीच..."

"थांबा," फरशीवाली म्हणाली. ती उकिडवी बसली, बोट त्या पाण्यात बुडवलं, भिंतीपर्यंत ओढलं. "थांबलंय," ती म्हणाली. कुणावर ढकललं नाही, कारण सांगितलं नाही. नवऱ्याकडे हात केला, त्याने छिन्नी आणि हातोडी दिली, आणि तिने सगळ्यांच्या देखत, त्या शिक्षकबाई "अहो, राहू द्या, एवढ्याने काय होतं" म्हणत असताना, त्या जागेच्या चार चकचकीत फरश्या फोडून काढल्या. तुकडे बादलीत टाकले.

"उद्या संध्याकाळी या," ती जोडप्याला म्हणाली. "परत ओतून दाखवते."

शिक्षकांनी बायकोकडे बघितलं. "उद्या यायचंय ते पाण्यासाठी नाही," ते थोरलीला म्हणाले. "व्यवहाराचं बोलायला येतो."

ती दोघं गेली तरी मिस्त्री फोडलेल्या जागेकडे बघत उभेच होते. त्यांना बोलायचं होतं, हे थोरलीला दिसत होतं. ती वाट बघत राहिली. शेवटी ते फरशीवालीच्या नवऱ्याकडे वळले.

"माल जरा घट्ट ठेव म्हणावं."

"तिला म्हणा," नवरा म्हणाला.

मिस्त्रींनी म्हटलं नाही. ते बाहेर पडले. फरशीवाली मागून फक्त हसली, आणि ते हसणं काही गोड नव्हतं. "माझा बापही असाच होता," ती थोरलीला म्हणाली. "तो वारला, तरी माझं भांडण संपलेलं नाही."

घर विकलं गेलं. थोरलीने मनात धरला होता तेवढा नफा राहिला नाही. मोडलेल्या फरश्या, वाढलेला दर, वाया गेलेले दिवस यांत बराचसा गेला. पण पदरचं गेलं नाही, आणि नवऱ्याने एकदाचं वर्तमानपत्र खाली ठेवून "पुढचं कधी बघायचं?" असं विचारलं.

पुढचं घर तिने पाहिलं तेव्हा पहिला फोन फरशीवालीला केला, तिच्या स्वतःच्या नंबरवर. ज्या सकाळी त्या घराची मापं घ्यायची होती, त्या सकाळी मिस्त्री तिच्या आधी उठले होते. दाढी केलेली, जुने कामाचे बूट घातलेले, नाड्या नीट बांधलेल्या. दाराजवळच्या खुर्चीत ते बसले होते.

थोरली त्यांच्या बुटांकडे बघत राहिली. "चला" हा शब्द तिच्या जिभेवर आलाही. पण त्याच्या मागोमाग आईची बोटं आली, केसांत अडकणारी, आणि तो शब्द तिथेच राहिला.

"बाबा, तुम्ही घरीच राहा," ती म्हणाली.

"मी कुणाला काही बोलणार नाही."

"बोलाल. आणि नाही बोललात तरी मला चालणार नाही."

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही, तिला तेच जास्त लागलं. वाद घातला असता तर ती भांडली असती, आणि भांडून निघणं सोपं असतं. बाहेर आल्यावर तिचे डोळे भरले. तिला वाईट वाटत होतं. पण राग गेला नव्हता, त्यातला कणभरही गेला नव्हता. तिने डोळे पुसले आणि नव्या घराच्या रस्त्याला लागली. फरशीवाली तिथे तिच्या आधीच पोहोचली होती आणि बंद दाराबाहेर उभी राहून उशीर झाला म्हणून कुरकुरत होती.